तीस-चाळीस वर्षांचं घर रिकामं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधली आमची सोसायटी १९८६ ची. पुनर्विकासाचा करार झाला, घरं रिकामी करायची तारीख कळली आणि त्या दिवसापासून जिन्यात जो भेटेल तो एकच विचारायचा: "एवढ्या सामानाचं करायचं काय हो?" जायचं होतं भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि माळे तर चाळीस वर्षं भरतच आलेले. मी आधी आमचं घर उपसलं, मग सासूबाईंचं, मग वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या दोन आजींचं. तेव्हापासून सोसायटीत कुणी जुना डबा जरी काढला तरी मला हाक मारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. पुण्याचे संदर्भ जास्त आहेत, पण अडगळ सगळीकडे सारखीच.

सुरुवात कधी करायची आणि कुठून?

दोन महिने आधी. आणि कपाट उघडून नाही, वही उघडून.

बहुतेक घरांत रविवारी सकाळी उत्साहाने माळा रिकामा होतो, हॉलभर पसारा पडतो, संध्याकाळी पाहुणे येतात आणि सगळं पुन्हा माळ्यावर जातं. आमच्याकडे हे दोनदा झालं. वस्तू खाली काढण्याआधी ती कुठे जाणार हे ठरलेलं नव्हतं, म्हणून. बोहारीण कधी येते, रद्दीवाला किती वाजता फोन उचलतो, ग्रंथालय पुस्तकं घेतं का, गावाकडच्या दिरांना पिंपं हवी आहेत का, हे आधी विचारून ठेवा. जिचं ठिकाण ठरलं तीच वस्तू खाली येईल. ज्यांना ठिकाण मिळायला वेळ लागतो, म्हणजे पुस्तकं, मोठं फर्निचर, तांब्या-पितळेची भांडी, जुनी कागदपत्रं, ती आधी हातात घ्या. प्लास्टिकचे डबे आणि फाटक्या चपला शेवटच्या आठवड्यातही निघतात.

दिवाळी तोंडावर असेल तर भंगारवाल्याला उसंत नसते. तो तुमच्या घरी येईल, पण जे वजनदार आणि सोपं तेवढंच उचलून जाईल.

सासरे काहीच टाकू देत नाहीत. रोज भांडण होतं. काय करावं?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण घर रिकामं करणं इथेच अडतं.

आमचे सासरे वारले तेव्हा माळ्यावर खिळ्यांनी भरलेले सतरा डबे होते. वाकडे खिळे, ते ठोकून सरळ करून ठेवलेले. हसू येतं. पण साध्या पगारात चार माणसांचं घर चालवलेल्या माणसाला वाकडा खिळा टाकवत नाही. "बाबा, हे कशाला ठेवलंय?" असं विचारलं की त्यांच्या कानाला ते "तुम्ही कशाला राहिलात?" असं लागतं. तसं विचारू नका. "हे कोणाला देऊ या?" असं विचारा. वस्तू फेकायला तयार नसलेलं माणूस ती द्यायला पटकन तयार होतं. सासूबाईंचा शिलाई मशीनचा जुना पायवाला सांगाडा तीन महिने हलत नव्हता. समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या मुलीला शिवण शिकायचीय हे कळल्यावर त्यांनी स्वतः त्याला तेल घातलं.

दुसरं, त्यांच्या नकळत काही टाकू नका. एक वस्तू गायब झालेली सापडली की उरलेल्या शंभर वस्तूंवर पहारा बसतो. आणि प्रत्येकाला एक खोकं द्या, मनातलं ठेवायला, कुणीही त्यात डोकावायचं नाही. सासूबाईंच्या खोक्यात काय होतं हे मला अजून माहीत नाही.

भंगारवाला काट्यात मारतो का?

सगळे मारत नाहीत. पण हातात धरायच्या स्प्रिंगच्या काट्यावर भरवसा ठेवायचं कारण नाही. पाच लिटरच्या कॅनमध्ये काठोकाठ पाणी भरून ठेवा. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, वर कॅनचं थोडं वजन. तो आला की हसत हसत आधी कॅन लटकवायला सांगा. काटा चार दाखवत असेल तर पुढचं बोलणं सोपं जातं.

लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, पुठ्ठा, सगळ्यांचे भाव वेगळे असतात. एकत्र गाठोडं बांधून "सगळ्याचे किती देता?" असं विचारलं की भाव सगळ्यात हलक्या मालाचा मिळतो. फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढून प्रत्येक भांड्याला लावून बघा. तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही. पितळेसारखा दिसणारा दिवा चुंबकाला चिकटला तर आतून लोखंड आहे, वरून फक्त मुलामा.

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती पुढे आली. जुन्या वस्तू, कपडे, फर्निचर गोळा करायचे उपक्रम ते घेतात. तुमच्या गल्लीत रोज येणाऱ्या ताईंनाच आधी विचारा. पैसे कमी मिळतील कदाचित, पण सामान कुठे जातं ते कळतं.

तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालावीत का?

घाई करू नका. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, मोठी परात हे मोडीच्या भावाने गेलं की संपलं, आणि तसंच नवीन घडवून घ्यायला गेलात तर घडणावळ ऐकून पाय लटपटतात. मोडीला वजनाचे पैसे मिळतात, वर घट कापतात. जुन्या भांड्याच्या हातोडीच्या ठोक्यांना मोडीत किंमत नाही.

मी असं केलं: जे रोज वापरता येईल ते ठेवलं, एक पितळी पातेलं आणि एक तांब्याची कळशी. पातेल्याला कल्हई करून घेतली, कारण बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवायचं नाही. दोन मोठे हंडे नणंदेच्या गावच्या घरी गेले. गळका बंब आणि बूड गेलेली घंगाळं तेवढी मोडीत घातली. कसब्यातल्या तांबट आळीत आधी दाखवून आणा. झाळून दुरुस्त होणारं भांडं कोणतं आणि मोडीचं कोणतं, हे तिथली माणसं नुसतं वाजवून सांगतात.

काशाची वाटी मात्र कुणाला देऊ नका. काशे म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेच्या ढिगात काशाची वाटी सहज मिसळून जाते. रात्री तळपायाला तूप लावून घासायला ती लागते, आणि एकदा गेली की आठवण येतेच.

पाटा-वरवंटा, जातं, उखळ?

कुणीही घेत नाही, हे आधी मान्य करा. भंगारवाला दगडाला हात लावत नाही. गावाकडे घर असेल किंवा शेतावर राहणारे ओळखीचे असतील तर टेम्पो जाताना टाकून द्या. हुरडा पार्टीची ठिकाणं आणि गावरान जेवणाची हॉटेलं शोभेला म्हणून नेतात, त्यांना फोन करून बघा. वरवंटा एकटा ठेवायला जागा लागत नाही. बारशाला कुणी ना कुणी मागायला येतंच.

साड्या आणि कपड्यांचं काय करायचं? बोहारणी अजून येतात का?

येतात, पूर्वीइतक्या नाहीत. आमच्याकडे एक आजी डोक्यावर स्टीलची टोपली आणि पाठीला बोचकं घेऊन अजून यायची. सौदा अर्धा तास चालतो. चार पँटी आणि दोन साड्यांवर एक डबा. "झाकणाचा द्या" म्हटलं की ती एक शर्ट अजून मागते. यात फायदा-तोटा बघू नका. ते कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात विकले जातात, चिंधी होत नाहीत. फक्त एक अडचण आहे. घर हलवताना भांडी कमी करायची असतात, आणि बोहारणीकडून नवीन भांडी घरात येतात. मी सगळ्यांचं मिळून एकच मोठं पातेलं घेतलं.

धुवट, धडके कपडे ‘गूंज’सारख्या संस्थेला जातात. १९९९ पासून ते कपड्यांचंच काम करत आहेत. अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ असते, तिथे ठेवता येतात. पण कुठेही द्या, धुऊन आणि गुंड्या लावून द्या. फाटकी अंतर्वस्त्रं आणि एक पायमोजा दानात घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

जरीच्या साड्यांबद्दल सावध राहा. "जुनी जरी, फाटकी साडी" अशी आरोळी देत जे येतात, ते चांदी शोधत असतात. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. नंतरच्या काळातल्या बऱ्याच साड्यांत तांब्याची किंवा नुसती प्लास्टिकची चमक असते, तिला काही किंमत नाही. आईचा शालू दारावरच्या पहिल्याच माणसाला देऊ नका. ओळखीच्या सराफाला काठ दाखवा, मग दोन ठिकाणी भाव विचारा. आणि पदर शाबूत असेल तर त्याचा ड्रेस, उशीचे अभ्रे, देवाचं आसन असं पुष्कळ काही होतं.

मऊ सुती लुगडी राहिली असतील तर ती विकायचीच नाहीत. गोधडी शिवून घ्या. आमच्या गोधडीत सासूबाईंच्या सहा नऊवारी आहेत आणि कोणता तुकडा कुठल्या लुगड्याचा हे त्या अंधारातही हाताने सांगतात.

गाद्या?

कापसाची गादी फेकू नका. पिंजारी कापूस पिंजून नवी गादी करून देतो, एका जुन्या डबलच्या दोन सिंगल सहज होतात. फोमची आणि कॉयरची गादी मात्र कुणालाच नको असते. पाळीव जनावरांच्या आश्रयाला विचारून बघता येतं. तेही नाही म्हणाले तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मोठ्या सामानाच्या उचलीबद्दल विचारा. रात्री गुपचूप कचराकुंडीशेजारी ठेवून यायची नाही. सकाळी सगळी सोसायटी ओळखते, "ही अमक्यांची गादी."

गोदरेजचं लोखंडी कपाट ठेवावं की विकावं?

नव्या जागेची लिफ्ट, जिन्याचं वळण आणि दाराची चौकट टेपने मोजा. उत्तर तिथेच मिळतं. आमच्याकडे तीन कपाटं होती, दोन गेली, एक राहिलं. राहिलं ते लग्नातलं.

फर्निचरच्या बाबतीत लोकांचा मोठा गैरसमज असतो. ज्यावर भरपूर खर्च केला, त्या भिंतीत बसवलेल्या प्लायवुडच्या कपाटांना शून्य किंमत येते. ती निघतानाच तुटतात. उलट आजोबांची सागवानी आरामखुर्ची, शिसवी झोपाळा, फडताळ, संदूक यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. म्हणून रंगाची पुटं चढलेलं जुनं लाकूड आधी एका कोपऱ्यात खरवडून बघा. आमच्या आजींकडचं हिरव्या ऑइलपेंटचं मिठाचं कपाट आतून अस्सल सागवान निघालं. मुंबईत असाल तर जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात भावाचा अंदाज येतो. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एक फेरी मारा, विकायला नव्हे, किमती ऐकायला.

ऑनलाइन विकायला टाकलं तर?

जाहिरातीत माप आणि खोट दोन्ही लिहा, फोन निम्मे कमी होतात. कुणी "मी लष्करात आहे, आत्ताच पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" म्हणाला की फोन ठेवा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. आमच्या मजल्यावरच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी सोफा विकताना वर आपलेच पैसे घालवले.

जुना टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी, बिघडलेले मोबाइल?

डब्यासारख्या जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, त्यामुळे भंगारवालाही तो टाळतो किंवा आतलं तांबं काढून काच कुठेतरी फोडून टाकतो. फ्रिज आणि एसीचं तेच होतं. नळी कापली की गॅस हवेत, तांबं पिशवीत. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ चे आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू. नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच हा माल जायला हवा. नवी वस्तू घेणार असाल तर दुकानातली अदलाबदल सगळ्यात सोपी. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना जुनी देऊन पैसे वळते होतात. तिच्यातलं आम्ल मोरीत ओतायचं नाही.

मोबाइल देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढा. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा, हातभर जागाही लागत नाही.

पुस्तकं आणि दिवाळी अंक?

ग्रंथालयांकडे जागा नाही. हे ऐकून लोक दुखावतात. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. अशा संस्थांकडे तुमच्याजवळची लोकप्रिय कादंबरी आधीच चार प्रतींत असते. त्यामुळे पोती घेऊन थेट जाऊ नका. पुस्तकांची यादी करून पाठवा, काय हवं ते त्यांना निवडू द्या. गावातलं छोटं वाचनालय किंवा आश्रमशाळा आनंदाने घेते, पण तेही बालसाहित्य, शब्दकोश, चरित्रं. मुलांची स्पर्धा परीक्षेची चार वर्षांपूर्वीची पुस्तकं तिथे देऊन उपकार करू नका, अभ्यासक्रम बदललेला असतो.

अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फोर्ट-माटुंग्याच्या पदपथांवर जुनी पुस्तकं घेणारे आहेत. भाव रद्दीपेक्षा बरा, अपेक्षेपेक्षा कमी.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची. चाळीस-पन्नास सालचे अंक सलग असतील तर अभ्यासक विचारतात. गेल्या दहा वर्षांतले सुटे अंक दवाखान्याच्या बाकावर छान नांदतात. आमच्या दंतवैद्यांनी तीस नेले.

जुनी कागदपत्रं सरसकट फाडून टाकली तर चालतील का?

अजिबात नाही. घर रिकामं करताना सगळ्यात महागडी चूक इथे होते, कारण कागदाला वजन नाही आणि कंटाळा फार.

घराचा मूळ करार, इंडेक्स दोन (म्हणजे त्या कराराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं भागप्रमाणपत्र, मेंटेनन्सच्या जुन्या पावत्या हे पुनर्विकासात पुन्हा पुन्हा मागतात. ते वेगळ्या पिशवीत, स्वतःच्या हातात. पॅकर्सच्या खोक्यात नाही.

आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदी, गावच्या जमिनीचे उतारे, फेरफार, वाटणीपत्रं यांतलं काहीही जाऊ देऊ नका. जात पडताळणीला ठरावीक तारखेआधीचे पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे नातवाच्या प्रवेशासाठी लागणारा कागद बहुधा तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतच आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली तेव्हा किती घरांत पेट्या उघडल्या गेल्या, आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांना अचानक किती मान आला, ते आठवा.

मोडीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी १९१० साली स्थापलेल्या, अशा कागदांची किंमत जाणणारी माणसं आहेत. निदान फोटो काढून ठेवा. हस्तलिखित पोथी पंचाहत्तर वर्षांहून जुनी आणि मोलाची असेल तर ती कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू परदेशातल्या भाच्याला सहज भेट म्हणून पाठवता येत नाही.

शेअरची पिवळी पडलेली प्रमाणपत्रं सापडली तर नाचू नका आणि फाडूही नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतरण बंद आहे, आधी डीमॅट करावं लागतं. लागोपाठ सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत गेलेले असतात, पण हक्क सांगून परत मिळवता येतात. बँकेची जुनी पासबुकं निघाली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव टाकून बघा. आमच्या सासूबाईंचं माहेरच्या नावाचं खातं होतं, त्यांनाही त्याचा विसर पडला होता.

हे सगळं वगळून उरलं ते, म्हणजे वीजबिलं, संपलेल्या वॉरंट्या, लग्नपत्रिका, ते द्या रद्दीत. आधार किंवा खातेक्रमांक असलेले कागद मात्र बादलीत भिजवून लगदा करा.

पुस्तकात जुन्या नोटा सापडल्या!

सगळ्यांच्याच सापडतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा आता बदलून मिळत नाहीत. आठवण म्हणून ठेवायच्या तर जपून. २०१७ च्या कायद्यानुसार दहाहून जास्त नोटा बाळगणं गुन्हा आहे. दोन हजारची गुलाबी नोट मात्र अजून वैध आहे. महाराष्ट्रात रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर आणि नागपूर कार्यालयांत तिचं काम होतं, टपालानेही पाठवता येते.

आजोबांचं सांबरशिंग, हरणाचं कातडं?

बाळाच्या छातीत कफ झाला की सांबरशिंग उगाळून लावायचे, म्हणून ते पुष्कळ जुन्या घरांत निघतं. विकायचं नाही, कुणाला भेटही द्यायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. वनविभागाच्या कार्यालयात विचारून रीतसर सुपूर्द करा.

देवाच्या तसबिरी, जास्तीचे टाक, भंगलेल्या मूर्ती?

तसबिरींची चौकट आणि काच वेगळी करा, ती भंगारात जाऊ शकते. कागदाला हळद-कुंकू वाहून, नमस्कार करून, घरातच बादलीत विरघळवा आणि ते पाणी झाडाला घाला. मुठेत नेऊन टाकू नका. लाकडी चौकट आणि प्लास्टिकची फुलं खाऊन नदीला पुण्य लागत नाही.

दोन भावांची घरं एकत्र झाली की देव्हाऱ्यात दोन-दोन टाक होतात. ते चांदीचे असले तरी सराफाकडे नेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि भावकीला विचारा. टाकावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, ती जमिनीच्या भांडणांपेक्षा लांबतात.

देव्हारा सगळ्यांच्या शेवटी हलवायचा आणि नव्या घरात सगळ्यांच्या आधी न्यायचा, हे तुम्हाला सांगायला नकोच.

मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, रंगाचे डबे?

हा घरगुती घातक कचरा. ओल्या-सुक्यात मिसळू नका, वेगळ्या पिशवीत, वर लिहून द्या. पाऱ्याचा थर्मामीटर कागदात गुंडाळून डब्यात ठेवून द्या, फुटू देऊ नका.

कामाच्या मावशींना दिलं तर सगळं सुटतं ना?

तुमचं सुटतं, त्यांचं अडकतं. दहा बाय बाराच्या खोलीत तुमचा डायनिंग टेबल कुठे ठेवायचा? त्या "नको" म्हणू शकत नाहीत, म्हणून घेतात आणि कोपऱ्यावर भंगारात घालतात. टेम्पोचे पैसेही त्यांचेच. आधी विचारा, "मावशी, यातलं तुम्हाला काय हवंय?" आणि नको म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्या मावशींनी बारा वर्षांत पहिल्यांदाच काही मागितलं. मिक्सर. चालू असलेला. मी बंद पडलेला द्यायला निघाले होते, याची अजून लाज वाटते.

गॅस सिलिंडर?

तो कंपनीच्या मालकीचा आहे, विकता येत नाही आणि तुमच्या नावावर भाडेकरूला ठेवून जाता येत नाही. मूळ कागद शोधा. एजन्सी बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत मिळते. अनामत त्या काळातलीच असते, त्यामुळे जास्त आशा ठेवू नका.

पुनर्विकासात इमारत पाडणारच आहेत. मग ग्रिल, दारं, कडप्पे आपण काढून न्यायचे का?

पर्यायी जागेचा करार वाचा. बहुतेक करारांत घर आहे त्या स्थितीत ताब्यात द्यायचं असतं आणि पाडकामाचा माल बिल्डरचा असतो. काही ठिकाणी सभासदांना फिटिंग काढू देतात. आमच्याकडे एकाने रात्रीत सगळी ग्रिल काढली आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी सभेत त्याला ते परत करावे लागले. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या. स्वतःच्या पैशाने बसवलेलं गीझर, पंखे, पाण्याचं फिल्टर यावर सहसा वाद होत नाही.

मुलं परदेशात आहेत. त्यांचं सामान?

ट्रॉफ्या, ड्राफ्टर, क्रिकेटची बॅट, पत्रं. व्हिडिओ कॉलवर प्रत्येक वस्तू दाखवत बसलात तर रोज दोन तास जातात आणि मुलगा प्रत्येकीला "ठेव ना आई" म्हणतो. त्याला एक तारीख द्या आणि एक खोकं द्या. खोक्यात मावेल ते राहील. माझ्या मुलाने बॅट ठेवली, अभियांत्रिकीच्या वह्या सोडल्या.

लग्नाची व्हिडिओ कॅसेट असेल तर तिच्यावर बुरशी धरायच्या आत डिजिटल करून घ्या. अल्बममधल्या फोटोंच्या मागे नावं लिहा, आणि हे काम घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून करून घ्या. सासूबाईंनी एका दुपारी ऐंशी फोटोंमागे नावं लिहिली. तीन चेहरे त्यांनाही आठवले नाहीत. त्यांच्यामागे त्यांनी "आपल्यापैकीच" असं लिहिलं.

शेवटच्या दिवशी काय बघायचं?

वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. टाकीचा कॉक बंद करा. मग छोटा हत्ती खाली उभा असतानाच एकदा शिडीवर चढून प्रत्येक माळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टॉर्च मारा. आमच्या स्वयंपाकघरातला माळा मी "रिकामा" म्हणून चारदा जाहीर केला होता. पाचव्यांदा टॉर्च मारला तेव्हा मागच्या भिंतीला टेकून खिळ्यांचा अठरावा डबा उभा होता. तो टेम्पोत पुढे, ड्रायव्हरच्या पायाशी ठेवला.